नवे ड्राफ्ट झालेले खेळाडू: कोणात दम आहे हे ओळखायचं कशावरून?

पिक_अँड_रोल | रविवार, १३ जुलै २०२५

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डॅलसने पहिल्या नंबरवर घेतलेल्या कूपर फ्लॅगची शुक्रवारी पहाटे पहिली समर लीग (नव्या पोरांची उन्हाळी स्पर्धा) मॅच झाली. लेकर्सविरुद्ध २१ शॉट मारले, ५च बास्केटात गेले, एकूण १० गुण. मी चर्चगेटला उतरेपर्यंत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने त्याला निकालात काढलं होतं. दुसऱ्या मॅचमध्ये स्पर्सविरुद्ध ३१ गुण केले, तर आज सकाळपासून त्याच ग्रुपवर आरत्या चालू आहेत. अठरा वर्षांचा पोरगा दोन दिवसांत एवढा बदलत नसतो. म्हणून म्हटलं धागाच काढू.

नुकत्याच ड्राफ्ट झालेल्या खेळाडूचं पुढे काय होणार हे आपण कशावरून ठरवतो? आणि कशावरून ठरवायला हवं?

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो, मग हाणा. गुण सगळ्यात शेवटी बघायचे. शॉट पडत नसताना पोरगा कोर्टवर काय करतो, ते आधी. फ्लॅगची तीच ‘फ्लॉप’ मॅच घ्या. ६ रिबाउंड (चुकलेला शॉट पकडणं), ४ असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास), ३ स्टील (बॉल हिसकावणं). डॅलसने त्याला मुद्दाम बॉल घेऊन यायला लावलं होतं. मॅच शेवटाकडे अटीतटीला आलेली असताना त्याने एक शॉट ब्लॉक केला, बॉल पुढे पळाला आणि त्यातूनच आघाडीचा थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) पडला. डॅलस ८७-८५ जिंकलं. मॅचनंतर तो स्वतःच म्हणाला, की आयुष्यातल्या सगळ्यात वाईट मॅचेसमध्ये ही बसेल. हात गार पडलेला असताना बाकीचं सगळं चालू ठेवणं या वयात फार थोड्यांना जमतं. गुण बघणाऱ्याला ते दिसतच नाही.

दुसरं, वय. फ्लॅगचा जन्म डिसेंबर २००६चा. एक इयत्ता आधी पुढे सरकला म्हणून, नाहीतर आत्ता कुठे त्याची शाळा संपली असती. ड्यूक विद्यापीठाकडून त्याने सरासरी १९.२ गुण, ७.५ रिबाउंड आणि ४.२ असिस्ट केले. हेच आकडे बावीस वर्षांच्या पोराने अठरा-एकोणीसच्या पोरांविरुद्ध केले असते, तर मी एवढा भाव दिला नसता.

पण वयाचा नियम डोळे मिटून लावला की पुढे स्टार झालेला जेलन ब्रन्सन हातचा जातो. २०१८चा ड्राफ्ट, ३३वा नंबर. विलानोवाकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदं, त्या वर्षीचा कॉलेजमधला सर्वोत्तम खेळाडू, आणि तरी पहिल्या फेरीत कोणी विचारलं नाही. का? तीन वर्षं कॉलेज झालं होतं आणि उंची बेताची. ‘याच्यात आता वाढायला जागा नाही’ हे वाक्य मी तेव्हा किती ठिकाणी वाचलं असेल!

आणि तिसरं, पोरगा पडला कोणाच्या पदरात. पुढे स्टार झालेला कवाय लेनर्ड २०११ला १५वा गेला, तेव्हा त्याची कॉलेजमधली थ्रीची टक्केवारी जेमतेम २५ होती. इंडियानाने निवडला आणि त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात स्पर्सला दिला. स्पर्सकडे तेव्हा चिप एंगेलंड शूटिंग शिकवायला होता. त्याने लेनर्डचा हात दुरुस्त केला. तोच एंगेलंड २०२२पासून ओक्लाहोमाकडे आहे आणि ओक्लाहोमा गेल्याच महिन्यात चॅम्पियन झालं. ज्याला वाटतं गुणवत्ता सगळी पोराच्या अंगातच असते, त्याने यावर विचार करावा.

बोला आता.

बोरिवली_स्लो | १३ जुलै

वाचतोय. पण एक बेसिक शंका. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच ना? मग पैसे लावून ज्याला हवा तो घ्यायचा, त्यात भविष्य कशाला बघायचं?

आकडेमोड | १३ जुलै

@बोरिवली_स्लो, लिलाव नाही. बोली लागतच नाही, पाळीपाळीने निवडतात. आधीच्या हंगामात जे संघ मागे पडले त्यांच्यात लॉटरी होते. तळाच्या तीन संघांना पहिला नंबर लागायची शक्यता प्रत्येकी १४ टक्के. डॅलसला या वर्षी फक्त १.८ टक्के होती आणि लागली त्यांनाच. (फेब्रुवारीत आपल्या स्टार लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवल्याबद्दल जगभर शिव्या खाल्लेला संघ! नशीब म्हणतात ते हे.)

दोन फेऱ्या, ३० संघ. एरवी ६० जण निवडले जातात, यंदा ५९ होते. पहिल्या फेरीत गेलेल्याचा पगार नंबरप्रमाणे जवळपास ठरलेला, पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं-चौथं संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीतल्याला कसलीच हमी नाही. म्हणजे पहिली चार वर्षं पोरगा स्वस्तात मिळतो. आता मोठ्या पगारवाल्यांच्या संघांवर नियम इतके कडक झालेत, की स्वस्तात खेळणारा एखादा चांगला पोरगा हाताशी असणं हीच चैन झाली आहे.

आणि हा हिशेब बघ: ३० संघ गुणिले १५ जागा, ४५० खुर्च्या. दरवर्षी साठेक नवे येतात, म्हणजे तेवढेच कुठेतरी उठतात. निवडला गेला म्हणजे पोरगा लागला, असं काही नसतं.

बोरिवली_स्लो | १३ जुलै

ओके, आता कळलं. रुमाल टाकून बसतो.

आकडेमोड | १३ जुलै

आता मूळ धाग्यावर. पिक_अँड_रोलचं निम्मं पटलं. ‘शॉट पडत नसताना काय करतो’ हे ठीक आहे, पण शूटिंग येणार की नाही हेही आधी ताडता येतं. फक्त आकडा योग्य बघायला हवा.

लोक थ्रीची टक्केवारी बघतात. कॉलेजच्या एका हंगामात पोरगा शंभर-दीडशे थ्री मारतो. त्यात पाच-सात इकडचे तिकडे झाले की ३३ टक्केवाला ३८ टक्केवाला दिसतो. फ्री थ्रो मात्र एकट्याने, तेवढ्याच अंतरावरून, समोर कोणी नसताना मारायचा असतो. तिथे हात उघडा पडतो.

२०१७चा ड्राफ्ट बघा. मार्केल फुल्ट्झ, वॉशिंग्टन विद्यापीठ: थ्री ४१.३ टक्के, फ्री थ्रो ६४.९ टक्के. जेसन टेटम, ड्यूक: थ्री ३४.२ टक्के, फ्री थ्रो ८४.९ टक्के. पहिला नंबर बॉस्टनकडे होता. त्यांनी तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला, वर पुढच्या ड्राफ्टमधला एक पिक (निवडीची पाळी) पदरात पाडून घेतला, आणि तिसऱ्यावर टेटम उचलला. फिलाडेल्फियाने पहिल्यावर फुल्ट्झ. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टेटमने २०२४ला बॉस्टनला विजेतेपद मिळवून दिलं. फुल्ट्झचा शॉट पहिल्याच हंगामात असा बिघडला, की बघवत नव्हता.

६४.९ हा आकडा ड्राफ्टच्या आधी सगळ्यांसमोर होता. कोणी वाचलाच नाही.

सांधेदुखी | १३ जुलै

आकडेमोड, इथे थांब. मी फिजिओ आहे, परळला. फुल्ट्झचं उदाहरण तू नेहमी देतोस आणि नेहमी अर्धंच देतोस.

डिसेंबर २०१८मध्ये त्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम असल्याचं निदान झालं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दाबल्या जातात. हात डोक्याच्या वर नेला की मुंग्या, बधिरपणा, ताकद कमी. जिम्नॅस्ट, स्विमर यांच्यात मी बघितलंय. बिचारा पेशंट सांगत असतो, ‘काहीतरी होतंय पण नेमकं कळत नाही’, आणि घरचे म्हणतात नाटकं करतोय. आता शॉट मारताना कोपर वर जायच्या जागी नस दाबली जात असेल, तर शरीर आपोआप दुसरी वाट शोधतं. त्याचा तो अडकत अडकत सुटणारा शॉट आठवतोय? मला त्यात भीतीपेक्षा शरीराने काढलेली पळवाट दिसली.

६४.९ टक्क्यांतून हे कोणाला दिसणार होतं?

आकडेमोड | १३ जुलै

मान्य आहे की आजार खरा होता. पण ६४.९ हा आजाराच्या आधीचा आहे ना? म्हणजे हात आधीपासूनच कच्चा होता, ४१ टक्के हे सव्वाशेच्या आसपास शॉट्सवर आलेलं नशीब होतं. आजार नसता तर तो ३३-३४ टक्केवाला ठीकठाक शूटर झाला असता. टेटम तरीही झाला नसता.

सांधेदुखी | १३ जुलै

‘आजाराच्या आधीचा’ हे तू कुठल्या तपासणीवरून म्हणतोस? अशा गोष्टी एका सकाळी उगवत नाहीत. लक्षणं दिसायच्या आधी किती दिवस काय चालू होतं, हे त्या पोरालाही सांगता येणार नाही. तुझ्या ६४.९मध्ये सुद्धा तो खांदा असू शकतो.

बरं, माझ्या धंद्यातला खरा मुद्दा वेगळा आहे. सात फुटी पोरांच्या पायाची हाडं. ग्रेग ओडन, २००७, पहिला नंबर. पहिल्याच हंगामाआधी गुडघ्याची मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया. अख्ख्या कारकिर्दीत १०५ मॅच. जोएल एंबीड, २०१४, तिसरा नंबर. ड्राफ्टच्या आधीच पायातलं नॅव्हिक्युलर हाड मोडलेलं. पहिले दोन हंगाम पूर्ण बाहेर, आणि तोच २०२३ला एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. कागदावर दोघांच्या फायली सारख्याच जाड दिसल्या असत्या. पोर्टलंडने ओडन घेतला तेव्हा दुसऱ्या नंबरवर केव्हिन ड्युरंट उभा होता, ज्याला त्या वर्षीच्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत १८५ पाउंड, म्हणजे साधारण ८४ किलोचा बार छातीवरून एकदाही उचलता आला नव्हता. त्यावरून किती हसले होते लोक.

शंकासुर | १३ जुलै

तुमचं चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण एकच प्रश्न. तुम्ही सगळे निकाल लागल्यावर पेपर तपासताय, हे कोणाच्या लक्षात येतंय का?

डेन्व्हरचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) निकोला जोकिच घ्या. ४१वा नंबर, २०१४. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर टाको बेल या फास्ट फूडवाल्यांची जाहिरात चालू होती. पुढे तीन एमव्हीपी, २०२३चं विजेतेपद. आता सगळे म्हणतात ‘डेन्व्हरने हेरला’. हेरला? त्याच रात्री डेन्व्हरने अदलाबदल करून आधी दुसराच सेंटर मिळवला होता, युसुफ नुर्किच, १६वा. गॅरी हॅरिस १९वा. म्हणजे जोकिच काय चीज आहे हे माहीत असूनही डेन्व्हर स्वतः त्याला सोडून पुढे गेलं होतं? उगाच. त्यांनी चिठ्ठी टाकली आणि लागली. बरं, लगेच आणलाही नाही, आणखी एक वर्ष सर्बियातच खेळू दिला.

तुम्ही फ्री थ्रो म्हणाल, मी असे दहा दाखवीन ज्यांचे फ्री थ्रो उत्तम आणि आज कुठे आहेत पत्ता नाही. तुम्ही वय म्हणाल, मी डार्को मिलिचिच म्हणेन. अठरा वर्षांचा, २००३, दुसरा नंबर. त्याच्यानंतर कार्मेलो, बॉश आणि वेड गेले, तिघेही पुढे स्टार.

पिक_अँड_रोल | १३ जुलै

शंकासुरा, डार्को माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. डेट्रॉइट तेव्हा ५० मॅच जिंकणारा संघ होता, दुसरा नंबर त्यांना मेम्फिसच्या जुन्या सौद्यातून फुकट लागला होता. पुढच्याच वर्षी ते चॅम्पियन झाले. अशा संघात अठरा वर्षांच्या पोराला चुका करायला मिनिटं कोण देणार? तो बेंचवर बसून बसून आंबला. वेड मियामीला गेला, पहिल्या दिवसापासून खेळला. डार्को मियामीत वेड झाला असता असं म्हणत नाही, पण जे झालं ते सगळं त्याच्या अंगात होतं असंही नाही.

जोकिचबद्दल मात्र तुझं खरं आहे. उलट, डेन्व्हरलाही कळलं नव्हतं हेच मला महत्त्वाचं वाटतं. धावणं, उडी, उंची, हातांचा पसारा हे सगळं शिकागोच्या चाचणीत टेपने मोजता येतं. पास कधी द्यायचा हे कुठल्या टेपने मोजणार?

नागपाडा_जुना | सोमवार, १४ जुलै

पोरांनो, तुमचं वाचून मजा आली. आमच्या नागपाड्यात एनबीए यायच्या आधीपासून हाच वाद चालतो. बास्केटबॉलपटू अब्बास मूनतासिर साहेब इथलेच, १९७०चा अर्जुन पुरस्कार. आमच्या लहानपणी प्रत्येक उंच पोराकडे बघून म्हातारे म्हणायचे, ‘ये दूसरा अब्बास बनेगा’. किती बनले ते सोडा.

मी रेल्वेकडून खेळलो, आता संध्याकाळी पोरांना बघतो. टीव्हीवर ड्राफ्ट बघतो तेव्हा मला त्या पोरांचे पाय दिसतात, बाकी काही नाही. बॉल हरवल्यावर पहिली तीन पावलं कुठे पडतात? रेफ्रीकडे, की आपल्या बास्केटकडे?

गेल्या आठवड्यातलं सांगतो. पाऊस थांबलेला, कोर्टच्या एका कोपऱ्यात पाणी साचलेलं. तेरा-चौदा वर्षांचं एक पोरगं, नवीन आलेलं, पायात शाळेचे काळे बूट. डिफेन्स करत होतं. समोरचा त्याच्याहून वीतभर उंच आणि हात एकदम साफ. हे पोरगं त्याला अडवायला जाईना, नुसतं एका बाजूने वाट बंद करत राहिलं. मला आधी वाटलं घाबरतोय. मग लक्षात आलं, तो त्याला पाण्याकडे नेत होता. पाण्यात बॉल टप्पा घेत नाही. उंच पोराने ड्रिबल केलं, बॉल तिथेच बसला, याने उचलला आणि पळाला. कोणी शिकवलं नव्हतं. मी तिथेच त्याचं नाव विचारलं.

त्याचा शॉट? एकदम भंगार. होईल.

बोरिवली_स्लो | १४ जुलै

काका, कडक! 🙏

शंकासुर | १४ जुलै

काका, तुमच्यापुढे आपण गप्प. पण एक विचारू? असं डोकं चालणारी किती पोरं पुढे काहीच झाली नाहीत?

नागपाडा_जुना | १४ जुलै

भरपूर. निम्म्यांच्या घरी दहावीनंतर ‘बस झालं’. काहींना रेल्वेत, पोलिसात नोकरी लागली, मग ड्युटी सांभाळून खेळले. एक-दोघं भारताकडून खेळली. डोकं असलं म्हणजे होईलच असं मी म्हणालो नाही बेटा. शॉट शिकवता येतो, हे शिकवता येत नाही, एवढंच म्हणतोय.

माटुंगा_ईस्ट | १४ जुलै

काकांना +१. मी शाळेच्या मुलींचा संघ बघते. आमच्याकडे निवड चाचणीला मी मुद्दाम चांगल्या खेळणाऱ्या मुलीला बाहेर काढते आणि ती बेंचवर काय करते ते बघते. पाण्याची बाटली घेऊन मैत्रिणीशी गप्पा मारणारी आणि जिच्या जागी आपण बाहेर आलो तिला ओरडून ‘डावीकडे, डावीकडे’ सांगणारी, यात फरक असतोच.

पण मला वेगळंच बोलायचंय. उंची. सातवीत जी मुलगी सगळ्यांत उंच, तिला आपण लगेच सेंटर करून बास्केटखाली उभी करतो. बॉल हाताळायला तिला कोणी देत नाही, कारण जिंकायचं असतं. नववी-दहावीत तिची उंची थांबते, बाकीच्या तिला गाठतात आणि तिच्या हातात काहीच नसतं. ड्रिबल नाही, पास नाही, बाहेरचा शॉट नाही. अशा मुली मी डोळ्यांसमोर खेळ सोडताना बघितल्यात.

उलटं उदाहरण अँथनी डेव्हिसचं. शाळेत तो सव्वासहा फुटांच्या आतला गार्ड (बाहेरून बॉल हाताळणारा) होता, मग ताडकन वाढला आणि सहा फूट दहा इंचांचा झाला. उंची आली तोवर गार्डचा हात शिकून झाला होता. २०१२ला पहिला नंबर गेला. म्हणून नवा खेळाडू बघताना मी आधी शोधते, हा उंच कधी झाला? लवकर की उशिरा?

आणि जाता जाता, तुम्ही सगळे ४५० खुर्च्या म्हणताय. डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे बायकांच्या लीगमध्ये, यंदा १३ संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त १२ जणी. हिशेब करा. तिथे ड्राफ्ट झालेल्या मुलींना हंगाम सुरू व्हायच्या आतच घरी पाठवतात. त्यांच्या ‘पोटेन्शियल’ची चर्चा करायला कोणाला वेळच मिळत नाही.

आकडेमोड | १४ जुलै

माटुंगाताई, उंच कधी झाला हे मी कधी तपासलंच नव्हतं. भारी मुद्दा. आपल्या सतनाम सिंगला हेच लागू होतं का?

पिक_अँड_रोल | १४ जुलै

सतनाम सिंगचं नाव निघणारच होतं. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच, २०१५ला डॅलसने ५२वा निवडला. भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट. त्या दिवशी आपल्याकडचे चॅनेलवाले असे नाचले, जणू उद्याच तो डॅलसच्या स्टार नोवित्स्कीच्या शेजारी उभा राहणार. एनबीएची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. टेक्सास लेजंड्सकडून डी लीगमध्ये (एनबीएच्या खालची लीग) थोडीफार मिनिटं मिळाली. आता अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती करतो.

मला त्यात त्याचा दोष फारसा दिसत नाही. चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेला तो उंचीवर. आणि ज्या उन्हाळ्यात तो निवडला गेला, त्याच उन्हाळ्यात गोल्डन स्टेट बुटक्या पाच जणांना उतरवून चॅम्पियन झालं होतं. खेळ बाहेर थ्रीच्या रेषेकडे सरकला आणि बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या जड सेंटरचा बाजार उठला. त्याच्याकडे जे होतं त्याची किंमत त्याच्या डोळ्यांदेखत उतरली.

काळ बघायला लागतो म्हणतात तो असा. दहा वर्षं आधी जन्मला असता तर निदान काही मॅच नक्की खेळला असता.

शंकासुर | १४ जुलै

हे मात्र पटलं. आणि ताईंचंही.

अवांतर: २०१९च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये किंग्स-पेसर्स बघायला कोण कोण होतं? पहिली मॅच पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ने काढली होती. तिकिटाचा भाव बघून मी बाहेरूनच नमस्कार केला.

बोरिवली_स्लो | १४ जुलै

मग समर लीग बघायची की नाही? मी पहाटे उठून बघतोय हो, बायको वेड्यात काढते.

पिक_अँड_रोल | १४ जुलै

बघायची, पण सॅम्पल फ्लॅट बघतो तशी. तिथे पलंग मुद्दाम छोटा केलेला असतो, खोल्यांना दारं नसतात, सगळं ऐसपैस दिसतं. समर लीगमध्ये समोरचे निम्मे खेळाडू नोकरी शोधायला आलेले असतात. पास दिला तर आपलं नाव कुठे दिसणार, म्हणून पास कोणी देत नाही. डिफेन्सच्या सवयी बसायला चार दिवसांचा सराव पुरत नाही.

२०१२ला तिथला सर्वोत्तम खेळाडू दोघांत वाटून दिला होता. डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी. लिलार्ड पुढच्या वर्षी एकमताने रूकी ऑफ द इयर (नवोदितांतला सर्वोत्तम). सेल्बी थोड्याच दिवसांत लीगमधून गायब. उलट वेम्बान्यामाच्या पहिल्या मॅचमध्ये १३पैकी २ शॉट गेले, ट्रे यंगच्या पहिल्या मॅचमध्ये २०पैकी ४. दोघेही पुढे स्टार झाले, काय बिघडलं?

मी तिथे दोनच गोष्टी बघतो. आपल्याहून ताकदवान माणूस अंगावर आला की पोराचा वेग मोडतो का. आणि पहिल्या मॅचमध्ये जमलं नाही ते दुसऱ्या मॅचमध्ये वेगळं करून बघतो का.

सांधेदुखी | १४ जुलै

तिसरी माझ्याकडून घे. उडीनंतर खाली कसा येतो. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, की एका पायावर ताठ. उडी सगळे बघतात, रीप्लेही तिचाच दाखवतात. आमची दुकानं चालतात ती खाली येण्यावर.

आकडेमोड | बुधवार, १६ जुलै

एक राहिलं. शेई गिल्जस-अलेक्झांडर. २०१८, ११वा नंबर. क्लिपर्सकडे पहिल्या हंगामात सरासरी १०.८ गुण. क्लिपर्सनी वर्षभर त्याला रोज सरावात बघितला, आमच्यासारखा यूट्यूबवर नाही, आणि २०१९ला पॉल जॉर्जसाठी देऊन टाकला. यंदा तोच एमव्हीपी, फायनल्सचाही एमव्हीपी. म्हणजे घरात बसून पारखणाऱ्यालाही पहिल्या वर्षाअखेर कळत नाही. माझ्या मते तिसरा हंगाम संपेपर्यंत कोणालाही निकालात काढू नये. नव्या मोठ्या कराराची बोलणी करायची मुभा संघालाही तेव्हाच मिळते, ते उगाच नाही.

शंकासुर | १६ जुलै

तीन वर्षं थांबा म्हणजे मत द्यायलाच नको! सोयीचं आहे. नावं सांगा, नावं. २०२५चे. हवेत गोळीबार पुरे.

पिक_अँड_रोल | मंगळवार, २२ जुलै

समर लीग संपायची वाट बघत होतो. शार्लट जिंकलं, फायनलमध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध ८३-७८, आणि २१ गुण करून कॉन कनुपेल फायनलचा सर्वोत्तम ठरला. त्याला मी त्यामुळे वर नेत नाही. ड्राफ्टच्या दिवशीच तो माझ्याकडे वर होता. ड्यूककडे शेजारी फ्लॅग असताना त्याने थ्री ४०.६ टक्के आणि फ्री थ्रो ९१.४ टक्के मारले, बॉल हातात नसताना उपयोगी पडला. चौथा नंबर गेला. उडी नाही, वेग नाही, म्हणून लोक नाक मुरडतायत. मला तो पहिल्या दिवसापासून खेळेल असं वाटतं.

दुसरा, यांग हानसेन. पोर्टलंड, १६वा, सात फूट एक इंच. दुसऱ्या फेरीचा माल पहिल्या फेरीत उचलला म्हणून पोर्टलंडची टर उडवली गेली. पहिल्या समर लीग मॅचमध्ये १० गुण, ५ असिस्ट, ३ ब्लॉक. पास देताना मान वळवत नाही. पण पाय जड आहेत, आणि एनबीएत त्याला बास्केटपासून लांब ओढून नाचवतील. इथे माझा अंदाज कच्चा आहे. पहिलं वर्ष बेंच, मग बघू.

तिसरा, ज्याच्यावर मी पैसे लावणार नाही: एस बेली. रटगर्ससारख्या कॉलेजच्या संघात तो आणि डिलन हार्पर, यंदाच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या पाचांतले दोघं एकत्र, आणि संघ १५ जिंकून १७ हरला. बेलीचे सरासरी १७.६ गुण आणि असिस्ट १.३. फ्री थ्रो ६९ टक्के. सहा फूट दहा सांगायचे, चाचणीत अनवाणी मोजला तर सहा फूट साडेसात इंच भरला. ड्राफ्टआधी एकाही संघाकडे सरावाला गेला नाही. युटाने पाचवा उचलला. शॉट काय सुंदर मारतो! पण काकांची ती पहिली तीन पावलं मला त्याच्यात दिसली नाहीत.

नागपाडा_जुना | २२ जुलै

मी बघितला तुझा बेली. पावलं नाहीत, खरं आहे. पण दोन माणसं अंगावर असताना जो शॉट बाकीचे मारूच शकत नाहीत, तो हा सहज मारतो. हेही शिकवता येत नाही हां. दोघांपैकी काय आधी घ्यायचं, यावर आमच्याकडे चहा थंड होतो.

आकडेमोड | २२ जुलै

कनुपेलला अनुमोदन, ९१.४ बघून मी आधीच शरण गेलो होतो. बेलीबद्दल मीही नाही म्हणेन.

शंकासुर | २२ जुलै

चला, अखेर कोणीतरी लिहून दिलं. मी बेली घेतो. तीन हंगाम झाले की युटात सरासरी गुणांत तो पहिला असेल. पैज कीर्ती कॉलेजच्या वडापावची, हरणाऱ्याने सगळ्या धाग्याला द्यायचा. सांधेदुखी साक्षीदार.

सांधेदुखी | २२ जुलै

साक्षीदार आहे. अट एकच, पोरगं जखमी होऊन हंगाम बुडाला तर पैज रद्द. ती अट मी घातली नाही तर कोण घालणार?